बाथरूममधल्या आउटलेटचं परमिट

न्यू जर्सीत आम्ही घेतलेलं घर १९६० च्या दशकातलं. बाथरूममध्ये आरशाशेजारी दोन भोकांचं साधं आउटलेट, आणि बेसिन त्याच्यापासून हातभर अंतरावर. मुली तिथेच ओल्या हातांनी हेअर ड्रायर लावायच्या. ते बदलून जीएफसीआय बसवायचं मी ठरवलं.

हे आउटलेट फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय ना, हे सतत पाहत असतं. साधारण ५ मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकतो, की ते लगेच पुरवठा तोडतं. आपल्याकडे मेन बोर्डावर बसवतात त्या आरसीसीबीचं तत्त्व हेच, फक्त घरगुती आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअरचा असतो. अमेरिकेच्या विद्युत संहितेत बाथरूमसाठी जीएफसीआय आलं १९७५ मध्ये. आमचं घर त्याआधीचं, त्यामुळे जुनं आउटलेट होतं तसं राहिलं तरी चालणार होतं. बदलायला काढलं की मात्र आजचा नियम लागतो.

परमिटचं ज्या त्या राज्यावर असतं. त्या वेळी न्यू जर्सीत बेडरूममधलं आउटलेट काढून तसंच दुसरं बसवणं ही नेहमीची देखभाल समजत. त्याला परमिट नको. पण जिथे जीएफसीआय सक्तीचं, तिथलं आउटलेट बदलणं देखभालीत धरत नसत. “अहो वहिनी, एवढ्याशा कामाला कोण परमिट काढतं?” असं मंडळातल्या एका स्नेह्यांनी विचारलं. घर स्वतःचं आणि स्वतः राहतं असेल तर मालकाला हे काम स्वतः करता येतं, तसं अर्जात लिहून द्यावं लागतं. मी अर्ज केला, फी भरली.

ब्रेकर बंद करून, टेस्टरने खात्री करून मी जुनं आउटलेट बाहेर ओढलं. डब्यात एक काळी वायर, एक पांढरी. अर्थिंगची वायर नव्हतीच. नव्या आउटलेटच्या मागे ‘लोड’च्या स्क्रूंवर पिवळी पट्टी चिकटवलेली असते, येणारी लाइन तिथे जोडायची नाही. मी पट्टी तशीच ठेवली आणि दोन्ही वायरी ‘लाइन’कडे जोडल्या. अर्थिंग नसतानाही जीएफसीआय बसवायला संहितेची मुभा आहे, मात्र ‘अर्थिंग नाही’ असं सांगणारं लेबल त्यावर लावावं लागतं. तेही लावलं.

तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांनी आधी लेबल पाहिलं, मग आउटलेटवरचं टेस्टचं बटण दाबलं. खट्कन पुरवठा तुटला. बाजारात मिळणारा तीन दिव्यांचा टेस्टर इथे लावू नका, असं त्यांनी बजावलं. तो अर्थिंगच्या वायरीतूनच थोडा करंट सोडून पाहतो. वायरच नसेल तर चांगलं आउटलेटही त्याच्यावर ट्रिप होत नाही, आणि लोक ते खराब समजून काढून टाकतात. हे मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून तपासणी हवीच, असं माझं ठाम मत आहे. जुन्या घरांच्या भिंतींत काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. फी मात्र चुकीची आहे. घर अधिक सुरक्षित करू पाहणाऱ्यालाच पैसे भरावे लागले, तर बरेच जण गुपचूप काम उरकतात, नाहीतर जुनंच आउटलेट ठेवतात. आउटलेट बदलून जीएफसीआय बसवणाऱ्याला फी माफ करावी आणि तपासणी तशीच ठेवावी, असं मी टाउनशिपच्या सभेत बोलले, लेखीही दिलं आहे.