कोपरानं पुसलेलं

कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी स्ट्रीटवर, देवळाच्या गोपुराच्या नजरेच्या टप्प्यात, एक बैठं कौलारू घर आहे. पुढे ओटा. तमिळमध्ये त्याला तिण्णै म्हणतात. आत गेल्यावर रस्त्याकडच्या खिडकीशी एक खाट, मग माजघर, स्वयंपाकघर, मागे आड. कुंभकोणम एकेकाळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातलं गाव, पण हे घर ओळखीचं वाटण्याचा त्याच्याशी काही संबंध नसावा. जुनी घरं दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. वाईत, साताऱ्यात अशा ओट्यांवर बसून मी किती मोजमापं घेतली असतील! इथे मात्र टेप पिशवीतून बाहेर काढावीशीच वाटेना. श्रीनिवास रामानुजन या घरात लहानाचे मोठे झाले.

जन्म इथला नाही. तो 22 डिसेंबर 1887चा, आजोळी इरोडला. पण घडणं सगळं इथलं. वडील साडीच्या दुकानात कारकून. मिळकत तुटपुंजी, म्हणून घरात कॉलेजची मुलं भाड्यानं ठेवलेली. त्या मुलांना जेवढं गणित येत होतं तेवढं या पोरानं त्यांच्याकडून कधीच उपसून घेतलं. मग कुणीतरी लोनीचं त्रिकोणमितीचं पुस्तक आणून दिलं, तेही तेराव्या वर्षापर्यंत संपवलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. घरात भाडेकरू नसते तर? वास्तू म्हणजे भिंती आणि वासे असं आम्ही नकाशात दाखवतो. पण इथे खरी वास्तू होती ती पैशाच्या ओढाताणीपायी परक्यांना दिलेली जागा.

2003 साली शास्त्र विद्यापीठानं हे घर घेतलं आणि राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचं संग्रहालय झालं. घर पाडलं नाही, त्याची चारमजली इमारत केली नाही, यासाठी मी मनापासून ऋणी आहे. ज्यांनी वाडे पडताना पाहिलेत त्यांनाच हे ऋण कळेल.

तिथून परतल्यावर मी एक काम केलं. कुणी सांगितलेलं नव्हतं. कागद पसरला आणि हे घर, त्याच्याभोवती संग्रहालय आणि संशोधनाची जागा असं एक रेखाटन सुरू केलं. पहिल्याच दिवशी अडलो. दाखवायचं काय? इंग्लंडात वुल्सथॉर्पला न्यूटनच्या घरापुढे सफरचंदाचं झाड आहे. 1820च्या वादळात उन्मळलं आणि मुळांतून पुन्हा फुटलं. डार्विनच्या डाउन हाउसमागे त्याची रोजची फिरायची वाट आहे, लोक अजून तीवरून चालतात. ब्रनोच्या मठात मेंडेलच्या मटारांची बाग होती ती जागा दाखवता येते. गणितज्ञाचं काय मागे राहतं? दुर्बीण नाही, परीक्षानळी नाही, पिंजऱ्यातला पक्षीदेखील नाही.

राहते ती पाटी. कागद महाग, म्हणून रामानुजन पाटीवर आकडेमोड करत आणि फडक्यापर्यंत हात नेण्याचा वेळ वाचवायला कोपरानंच पुसत. पाटीवर पायऱ्या, वहीत फक्त निष्कर्ष. म्हणून त्यांच्या वह्या पाहिल्या की सूत्रामागून सूत्र दिसतं, सिद्धता जवळजवळ कुठेच नाही. म्हणजे ज्या गोष्टीचं संग्रहालय व्हायला हवं ती गोष्ट या ओट्यावर, या खाटेवर, रोज कोपराखाली नाहीशी होत होती. हे कळल्यावर काचेच्या कपाटांची माझी सगळी रेखाटनं मी बाजूला सारली.

त्या वह्यांची प्रतिकृती 1957 साली आपल्या मुंबईतून निघाली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं दोन खंडांत छापली. जशी अक्षरं तशी, खोडलेलं तसंच. ब्रूस बर्न्ट या अमेरिकी गणितज्ञानं पुढे त्यातलं एकेक सूत्र सिद्ध करायला घेतलं. त्याचे पाच खंड 1985 ते 1998 या काळात प्रसिद्ध झाले. कोपरानं पुसलेल्या पायऱ्या दुसऱ्या माणसानं, दुसऱ्या देशात, पुन्हा लिहून काढल्या.

आणि मग ती शेवटची पानं. 1919च्या मार्चमध्ये रामानुजन इंग्लंडहून मुंबईच्या बंदरात उतरले ते आजारी होऊनच. त्यानंतरचे काही महिने कुंभकोणमलाही गेले. 12 जानेवारी 1920 रोजी त्यांनी केंब्रिजमधले आपले सहकारी गणितज्ञ हार्डी यांना शेवटचं पत्र लिहिलं, त्यात नव्या गणिती फलांची ओळख होती, मॉक थीटा फलांची. 26 एप्रिलला ते मद्रासला वारले, वय 32. त्या शेवटच्या वर्षातली शंभराहून अधिक पानं केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात पडून राहिली आणि 1976 साली जॉर्ज अँड्र्यूज यांच्या हाती लागली. ही फलं मुळात आहेत काय, हे नीट उलगडायला 2002 साल उजाडलं. झ्वेगर्स नावाच्या तरुण डच गणितज्ञाच्या प्रबंधात. दहा वर्षांनी अतीश दाभोलकर, समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांनी तीच फलं कृष्णविवरांच्या हिशोबात वापरली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पानांवर कृष्णविवर कुठून येणार? पण ती वाट त्या पानांतूनच गेली.

म्हणून माझ्या रेखाटनात संशोधनाची जागा संग्रहालयाला जोडलेली पुरवणी नाही. तीच मुख्य. घर मात्र तिला चिकटू द्यायचं नाही. मध्ये मोकळं अंगण, आणि ज्याला तिकडे जायचं त्यानं घराच्या मागच्या दारानं, आडाजवळून जायचं. वातानुकूलन, तारा, पडदे, सगळं पलीकडे. अलीकडे फक्त कौलं आणि उजेड. रामानुजनांच्या नावाशी जोडलेला 1729 हा आकडा भिंतीवर रंगवण्याचा मोह टाळायचा. तो मोह सगळ्यांना होतोच. शास्त्र विद्यापीठ दरवर्षी रामानुजनांच्या नावाचं पारितोषिक देतं, तेही वयाच्या 32 वर्षांपर्यंतच्या गणितज्ञालाच. एका माणसाच्या आयुष्याची लांबी ही इतर तरुणांसाठी मोजपट्टी व्हावी, ही कल्पना मला हलवून सोडते. त्या वयाच्या मुलामुलींना महिनाभर राहता येईल अशा खोल्या मी काढल्या आहेत. भाडेकरू पुन्हा घरात यायला हवेत.

स्वयंपाकघरात काही मांडायचं नाही असं ठरवलं होतं. मग वाचलेलं आठवलं: लेकाची तंद्री मोडू नये म्हणून आई कोमलताम्माळ सांबारभात कालवून त्याच्या हातावर घास ठेवत. आणि पत्नी जानकीअम्माळ, ज्या नवऱ्यामागे सत्तरहून अधिक वर्षं जगल्या, त्यातली काही मुंबईत भावाकडे, शिवणकाम शिकून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. नवऱ्याचा पुतळा कबूल केला होता तो कुठे आहे, असं म्हातारपणी विचारणाऱ्या त्याच. त्यांचा प्रश्न ऐकून परदेशातल्या गणितज्ञांनी वर्गणी काढून अर्धपुतळा घडवला. पुस्तकांतून या दोघी परिशिष्टात जातात. माझ्या आराखड्यात स्वयंपाकघराची भिंत त्यांची आहे, आणि ती खाटेच्या खोलीइतकीच मोठी धरली आहे.

ओट्यावर काही काढलेलं नाही. कडेला पाट्या, लेखण्यांचा डबा, आणि बारीक अक्षरात एक टीप: पुसायला फडकं ठेवू नये.