गाडी दारापर्यंत जाते का?

पॅकर्स अँड मूव्हर्सवाल्यांची प्रश्नावली ठरलेली असते. कुठून कुठे, कितवा मजला, लिफ्ट आहे का, फ्रिज एका दाराचा की दोन, कपाट लाकडी की लोखंडी. सगळं लिहून घेतल्यावर, फोन ठेवता ठेवता, एक प्रश्न येतो, "गाडी दारापर्यंत जाते ना?" त्या 'ना'मध्येच उत्तर असतं. शहरातला माणूस 'हो' म्हणतो आणि विषय संपतो. सावित्रीच्या खाडीकाठी, मंडणगड तालुक्यात, जुन्या मुस्लिम मोहल्ल्यात घर असलेल्या माणसाला 'हो' म्हणता येत नाही. आणि 'नाही' म्हणून भागत नाही.

अब्बांच्या इंतकालनंतर अम्मीनं मुंब्रा सोडून गावी राहायचं ठरवलं. चौथा मजला, वर्षातले चार महिने बंद असलेली लिफ्ट, त्यात खुब्याचं ऑपरेशन झालेलं. गावचं घर बैठं, पुढे पडवी, मागे विहीर, शेजारी चुलत जाऊ. तिचा हिशोब सरळ होता. आमच्या मोहल्ल्यात असा हिशोब करणारी ती एकटी नाही. जहाजावर, कुवेतला, सौदीला उमेदीची वर्षं घालवून, मुंब्र्यात किंवा मीरा रोडला फ्लॅट घेऊन, शेवटी गावाकडे परतणारी पिढी आता सत्तरीत आहे. त्यांच्यासोबत सामान येतं, आणि गावापर्यंत आलेलं ते सामान घरापर्यंत येत नाही.

आमच्या घराचा भूगोल सांगतो, कारण सगळी भानगड त्यातच आहे. एसटीच्या थांब्यापासून दहा फुटी सिमेंटचा रस्ता चारेकशे मीटर आत येतो. तिथून दोन जांभ्याच्या गडग्यांमधली गल्ली सुरू होते. लांबी शंभरेक फूट, रुंदी टेप लावून मोजली तेव्हा सर्वांत अरुंद ठिकाणी पावणेपाच फूट. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, जवळपास पाच फूट रुंद असतो. गल्ली संपली की पाखाडी, बासष्ट पायऱ्या, काही वीतभर तर काही गुडघाभर उंच. खाली आमचं घर, त्याच्यापुढे माड आणि माडांपलीकडे खाडी.

शहरातली माणसं हे ऐकून म्हणतात, असल्या जागी घर बांधलंच कशाला? त्यांना वाटतं घर रस्त्यापासून लांब आहे. ज्यांनी ते बांधलं त्यांच्या दृष्टीनं ते रस्त्यावरच होतं, कारण रस्ता म्हणजे खाडी. बाणकोटच्या तोंडातून गलबतं आत यायची. कौलं, मीठ, साग, परदेशातून आणलेल्या काचेच्या बरण्या, सगळं भरतीच्या पाण्यावर मचव्यातून थेट अंगणाच्या टोकाला उतरायचं. आमच्या माजघरातला शिसवी पलंग असाच आला, असं दादी सांगायची. घराचा दर्शनी भाग खाडीकडे आहे आणि मोटारीचा रस्ता नंतर डोंगराच्या बाजूनं, घराच्या पाठीमागून आला. म्हणजे आज आम्ही सगळे आपापल्या घरात मागच्या दारानं शिरतो. बंदर गाळानं भरलं, लाँच बंद झाली, आणि पुढचं दार फक्त वाऱ्यासाठी उरलं.

सरकारी योजनेच्या नजरेतून पाहिलं तर आमचं गाव 'जोडलेलं' आहे. 2000 साली सुरू झालेली पंतप्रधान ग्राम सडक योजना वस्तीला बारमाही रस्ता देण्यासाठी आहे. सपाट भागात पाचशे आणि डोंगराळ-आदिवासी भागात अडीचशे लोकवस्ती हा तिचा मूळ निकष. वाडीवाडीत विखुरलेल्या कोकणाला हे आकडे तसेही अवघड जातात. पण थांब्यापर्यंत डांबर आलं की कागदावर गाव जोडलं गेलं. थांब्यापासून उंबऱ्यापर्यंतचं अंतर हे गावाचं आपसातलं प्रकरण, असं धरलं जातं. आणि ते तसं आहेच, त्याकडे पुढे येतो.

तर मी कंपनीला सगळं सांगितलं. गल्लीचा, पाखाडीचा व्हिडिओ पाठवला, मापं पाठवली, "थांब्यापासून छोटी गाडी आणि पुढे माणसं लागतील" असं लिहून कळवलं. उत्तर आलं, "नोटेड सर." (त्याआधी दोन कंपन्यांनी सामान मुंब्र्यातून उचलायचं आहे ऐकून 'संध्याकाळी सातनंतर आमची गाडी तिकडे येत नाही' असं ऐकवलं होतं. ते वेगळं दुखणं, त्यावर पूर्वी लिहिलं आहे.) मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गाडी आली ती सतरा फुटी आयशर. माणगाव सोडून गोरेगाव, आंबेतच्या पुलावरून म्हाप्रळ, तिथून पुढे. 2016च्या 2 ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पुलाकडे माणूस संशयानं बघतो. मधल्या काळात आंबेतच्या पुलावरही जड गाड्यांना मनाई होती. त्यामुळे गाडी केवढी येणार याचा परिणाम भाड्यावर होतो तसा मार्गावरही होतो. पूल बंद असला की महाडवरून वळसा, आणि वळशाचे पैसे आपले.

गाडी थांब्यापर्यंत आली. ड्रायव्हर उतरून सिमेंटच्या रस्त्यावर थोडं चालून परत आला आणि म्हणाला, "चाचा, आत घातली तर वळवायची कुठे?" त्याचं बरोबर होतं. आत शिरण्याइतका रस्ता असणं आणि रिकामी गाडी तोंड फिरवून बाहेर काढण्याइतकी जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला उलट्या गियरमध्ये चारशे मीटर यायचं असतं त्यालाच हे कळतं. मी कंपनीच्या सुपरवायझरला फोन लावला. तो अतिशय गोड आवाजात म्हणाला की पावतीच्या मागे छापलं आहे, गाडी जिथवर सुरक्षित जाईल तिथवर आमची जबाबदारी. पुढे 'शटलिंग'चे नऊ हजार, रोख. व्हिडिओचं काय? "सर, तो सर्व्हे टीमकडे असेल."

आकाश भरून आलं होतं. थांब्याच्या पत्र्याखाली अम्मीच्या संसाराचे एकेचाळीस खोके उतरले. ती शेजारच्या दुकानात खुर्चीवर बसून मोजत होती.

पूर्वी अशा वेळी अजान झाल्यासारखा मोहल्ला गोळा व्हायचा. लग्नाची भांडी, विहिरीचा पंप, कुणाचा जनाजा, सगळं याच पाखाडीवरून खांद्यावर गेलेलं आहे. आता मोहल्ल्यात घरं चाळीस, त्यातली उघडी सोळा, आणि त्या सोळांत ओझं उचलू शकेल असा माणूस शोधावा लागतो. पोरं मुंबईत नाहीतर आखातात. सामान वाहिलं ते वरच्या कुणबीवाडीतल्या चार बायांनी, कातकरवाडीतल्या पाच जणांनी आणि आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या दोन नेपाळी भावांनी. बायांनी डोक्यावर चुंबळ ठेवून खोके नेले, ओल्या पाखाडीवर अनवाणी, एकही न आपटता. फ्रिजला उभाच ठेवून दोर बांधले, बांबू घातला, चौघांनी खांदा दिला. वॉशिंग मशीनला त्यातल्या एकीनं बघितलं आणि विचारलं, "ह्यात पाणी खालून वर नेणार कोण?" प्रश्न रास्त होता.

मजुरी मी ठरवली नाही, त्यांनीच सांगितली. त्यावर थोडं जास्त दिलं. आकडा सांगत नाही, पण अकरा माणसांची मिळून झालेली रक्कम कंपनीनं मागितलेल्या 'शटलिंग'पेक्षा कमी होती. मुंबईत नाक्यावरचा माथाडी वाराई मागतो तेव्हा आपण कुरकुरतो. तरी त्याच्यामागे 1969चा माथाडी कायदा आहे, मंडळ आहे, नोंदणी आहे. आमच्या पाखाडीवरच्या बाईच्या मागे काही नाही. घसरून पाय मोडला असता तर तिचा तो मोडला असता, कंपनीच्या विम्यात फक्त फ्रिज होता.

राहिलेलं मोठं सामान, म्हणजे अम्मीचा दवाखान्यातल्यासारखा वर-खाली होणारा पलंग आणि अब्बांचं पुस्तकांचं कपाट, मुंब्र्यातच होतं. ते आणायचा मार्ग गावातल्याच एका टेम्पोवाल्यानं सुचवला आणि तो सगळ्यांच्या कामाचा आहे. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडून हापूसच्या पेट्या भरून टेम्पो रात्री वाशीच्या मार्केटला जातात आणि सकाळी रिकामे परततात. रिकाम्या गाडीचं डिझेल तसंही जळायचंच असतं. त्यामुळे भाडं जवळपास निम्मं, आणि ड्रायव्हर त्याच भागातला. कुठली फांदी खाली आली आहे, कुठल्या साकवावर ओझं घालायचं नाही, गाडी कुणाच्या खळ्यात वळवायची, हे त्याला पाठ असतं. पॅकिंग मात्र तुमचं तुम्ही करायचं. फक्त सीझन संपायच्या आत उरका. पाऊस लागला की टेम्पोही नाही आणि पाखाडीवर शेवाळ. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना बंदी असते, तेव्हा तर नावच काढू नका.

कंपनी करायचीच असेल तर 'दारापर्यंत जाते' हा शब्द कागदावर येऊ देऊ नका. गाडीची लांबी लिहून घ्या. मोठी गाडी कुठे थांबणार त्या जागेचं नाव लिहून घ्या. तिथून पुढे किती मीटर, किती पायऱ्या, किती माणसं, आणि ते पैसे दरात धरलेत की वेगळे, हेही. एसटी गावात येते म्हणून ट्रक येईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एसटी थांब्यावरून वळून जाते, तिला तुमच्या घराशी कर्तव्य नसतं.

कपाट पाखाडीवरून उतरलं. पलंग उतरला नाही. त्याची लोखंडी चौकट एका तुकड्यात, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर ती ना आडवी वळली ना उभी. शेवटी तो वरच्या एका बंद घराच्या पडवीत ठेवला. त्या रात्री अम्मी म्हणाली, "पलंग येत नाही तिथून मला नेणार कसं?" आम्ही कुणीच बोललो नाही. 108ची अँब्युलन्स थांब्यावरच उभी राहते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मागच्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला खुर्चीवर बसवून वर आणलं होतं.

आता आपसातलं प्रकरण. गल्ली सुरू होते तिथे उजवीकडचा गडगा तीन फूट मागे घेतला तर छोटी गाडी पाखाडीच्या तोंडापर्यंत येते. जमीन फार नाही, तीन फूट गुणिले शंभर. ग्रामपंचायत रस्ता करायला तयार आहे, पण ग्रामसेवक म्हणतो संमतीपत्र आणा, सातबाऱ्यावरच्या सगळ्यांचं. सातबाऱ्यावर 1988 साली वारलेल्या गृहस्थांचंच नाव आहे. वारसनोंद झालेली नाही. शरियतप्रमाणे मुलींचा हिस्सा आहे, आणि आम्ही तो मानतो असं अभिमानानं सांगतो. पण कागदावर लावायची वेळ आली की 'बघू' म्हणतो. मुली श्रीवर्धनला, दापोलीला दिल्या. एकीची मुलं केपटाऊनला, तिथे आमच्याकडची कुटुंबं शंभर वर्षांपासून आहेत. मोजून चौदा वारस. वाटणी वेळेवर झाली असती, बहिणींची नावं तेव्हाच लागली असती, तर आज सही कुणाची घ्यायची हे तरी ठरलेलं असतं. रस्ता जांभ्याच्या भिंतीनं अडला आहे असं वाटतं, पण भिंत एका दिवसात निघते. तो अडला आहे बहिणींच्या न लावलेल्या नावांवर.

जुम्म्यानंतर जमातीच्या बैठकीत मी हे मांडलं. एक बुजुर्ग म्हणाले, "वाटेचा हक्क आहे, वीस वर्षांची वहिवाट दाखवा आणि कोर्टात जा." 1882चा सुविधाधिकाराचा कायदा त्यांच्या बाजूनं आहे, हे खरं. पण तो पायवाटेची वहिवाट राखून देईल, पायवाटेची गाडीवाट करून देणार नाही. आणि ज्या घरातून ईदला शिरखुर्मा येतो त्यांना नोटीस कोण पाठवणार? गडग्याच्या घरातल्या मोठ्या खाला कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माझी सही आज घ्या. बाकीच्यांना मी फोन करते, मोबाईल लावून द्या कुणीतरी."

पहिल्यांदा तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज गेला, त्यात सहा बहिणी-भाच्यांची नावं. संमती आतापर्यंत अकरा जणांची आली आहे. कुवेतच्या दोघांनी वकिलातीतून कागद साक्षांकित करून पाठवायचं कबूल केलं आहे. केपटाऊनच्या भाच्याला मराठी येत नाही, उर्दू जेमतेम, म्हणून मी त्याला इंग्रजीत सगळं समजावून लिहिलं, सोबत गल्लीचा तोच व्हिडिओ जोडला. त्यानं विचारलं आहे की त्याच्या आजीचं घर यातलं नेमकं कुठलं. उद्या भरती सकाळची आहे, खाडीकडून फोटो काढून पाठवतो. त्या बाजूनं घर ओळखू येतं.