आदेश

गेल्या वर्षी विभागाच्या फलकावर मी एक सूचना लावली : 'उपस्थिती अपुरी असलेल्या खालील विद्यार्थ्यांना परीक्षेस बसू देण्यात येणार नाही, असे आदेशित करण्यात येत आहे.' खाली सात नावे होती. त्यांतली एक विद्यार्थिनी विरारच्या पश्चिमेकडील एका गावातून येणारी. तिने विचारले, "सर, हे नेमकं कोण म्हणतंय?" मी म्हणालो, "नियम." वाक्यात कर्ता नव्हताच; '-ण्यात येणे' ही रचना आपल्या कचेऱ्यांनी जोपासली ती कर्त्याला वाक्याबाहेर ठेवण्यासाठीच.

पुढे कित्येक दिवस मला खटकत राहिला तो 'आदेश' हा शब्द. 'हुकूम' अरबीतला, 'फर्मान' फारसीतले; आज वृत्तपत्रांत 'फर्मान' बहुधा उपहासानेच येते. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर शासनव्यवहारात संस्कृतोद्भव परिभाषा स्थिरावली आणि तिच्या प्रतिष्ठेचा लाभ 'आदेशा'ला मिळाला. हुकुमातली जरब त्यात ऐकू येत नाही, इतकेच. (लोक मात्र 'जीआर' म्हणतात, अध्यादेश, अधिसूचना, परिपत्रक, सारे त्या एकाच पिशवीत.)

पाणिनीय व्याकरणात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. एका रूपाच्या जागी दुसरे आले की येणारा तो आदेश, आणि ज्याला उठवले तो स्थानी. जसे 'अस्'च्या जागी 'भू'. वैयाकरणांच्या परंपरेत आगमाला मित्राची व आदेशाला शत्रूची उपमा देतात : एक शेजारी येऊन बसतो, दुसरा उठवून बसतो. मात्र पाणिनी या शत्रूवर एक बंधनही घालतो. वर्णाश्रित कार्ये वगळता आदेशाने स्थानीप्रमाणे वागले पाहिजे.

त्या विद्यार्थिनीच्या परिसराचा अलीकडचा इतिहास मला या सूत्राखेरीज वाचता येत नाही. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायतींच्या जागी वसई-विरार शहर महानगरपालिका आली. गावांनी विरोध केला. ३१ मे २०११ च्या अधिसूचनेने २९ गावे वगळली, वाद उच्च न्यायालयात गेला, आणि २०२४ मध्ये शासनाने ती गावे पुन्हा महापालिकेतच ठेवली. कर, पाणी, बांधकामे हे वादाचे विषय होतेच; परंतु त्यांच्या मुळाशी मला स्थानिवद्भावाचाच प्रश्न दिसतो. ग्रामसभेत उभे राहून जे विचारता येत होते, ते तिच्या जागी आलेल्या संस्थेला कुठे उभे राहून विचारायचे?

नाथपंथी जोगी भेटले की परस्परांना 'आदेश' म्हणतात. तिथे ऐकणाराही तोच शब्द परत करतो, कोणी कोणाला उठवत नाही. आमच्या फलकावरच्या आदेशाला अशी परतफेड ठाऊक नाही.

एका रात्री ती सूचना कर्तरी प्रयोगात लिहून पाहिली : 'मी तुम्हांला परीक्षेस बसू देणार नाही.' खाली सही करवेना. दुसऱ्या दिवशी सातही जणांना बोलावून गैरहजेरीचे कारण विचारले. आधी ते विचारलेच नव्हते. जुन्या कागदाच्या जागी नवा लागला. त्यात कर्ता होता, सही होती, आणि नावे चार होती. त्या विद्यार्थिनीचे नाव मात्र मला काढता आले नाही. तिने सांगितलेले कारण खरे होते, पण नियमात बसत नव्हते. या वेळी तिने काही विचारले नाही.