प्रयोगशाळेतली कीड

परवा कपाट आवरताना एमडीएसच्या प्रबंधाची जुनी वही सापडली. पानापानावर तारीख आणि दोनच वेळा: दात आम्लात टाकल्याची आणि बाहेर काढल्याची. चांगले दात किडवत होते मी, अगदी मन लावून!

वेड्यावाकड्या दातांना तार लावताना जागा व्हावी म्हणून निरोगी उपदाढा काढतात. त्या जमवायच्या, थायमॉलच्या पाण्यात ठेवायच्या. मग दातावर नेलपॉलिशचे दोन हात द्यायचे, फक्त छोटी चौकट उघडी सोडायची. आम्ल तिथूनच आत शिरणार. (लाल नेलपॉलिश घ्यायला मी दुकानात गेले, तेव्हा सासूबाईंना केवढा आनंद झाला होता.)

मग रोज ६ तास आम्लाच्या द्रावणात, धुऊन १७ तास कृत्रिम लाळेत. असे १४ दिवस. याला पीएच सायकलिंग म्हणतात. टेन केट आणि डाउस्टर्स यांनी १९८२ मध्ये हे आलटून-पालटून बुडवणं मांडलं, आमचं वेळापत्रक फेदरस्टोन यांच्या पद्धतीचं. तोंडात घडतं त्याचीच ही नक्कल. आपण खातो, जंतू साखरेचं आम्ल करतात, पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं कॅल्शियम-फॉस्फेट सुटू लागतं. मग लाळ येते, आम्ल निवळते आणि गेलेल्यातलं थोडं परत आणून बसवते.

दोन आठवड्यांनी चौकटीत खडूसारखा पांढरा डाग दिसला. वरचा थर शाबूत, आतून पोखरलेलं. मी आनंदाने घरी आले.

त्या रात्री लेकाचे दात घासताना त्याचा वरचा ओठ उचलला. पुढच्या चारही दातांवर, हिरडीलगत, तोच खडूचा पट्टा. ओळखायला मला क्षणही लागला नाही.

मला रोज यायला उशीर व्हायचा. तो बाटली तोंडात धरूनच झोपायचा, साखर घातलेल्या दुधाची. झोपेत लाळ कमी होते, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. परक्या दातांना मी १७ तास लाळ मोजून देत होते आणि पोटच्या पोराची रात्र तशीच सोडली होती.

"दुधाचेच दात ते, पडणारच आहेत," सासूबाई म्हणाल्या. माझी समजूत काढत होत्या बिचाऱ्या. पण बाटली त्यांनी नव्हती दिली, मीच दिली होती.

बाटली बंद केली. आठवडाभर रडारड झाली. फ्लोराइड वार्निश लावलं. तीन दातांवरचे पट्टे हळूहळू टणक, चकचकीत झाले. चौथ्याचा वरचा थर फुटला होता, तो भरावा लागला.

आता कुणी आई विचारते, "गोड किती दिलं तर चालेल?" मी म्हणते, किती ते नंतर बघू. आधी सांग, मधे दाताला उसंत किती मिळते?

असो. वही पुन्हा कपाटात ठेवली आहे.