अल्को चिंचणीत

चोरबाजारातल्या एका टोपलीत, चावीच्या बदकांखालून त्याचं नाक तेवढं दिसत होतं. अल्कोचं डिझेल इंजिन, एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याचा 87 वा भाग. नंबर पुसलेला, एका टोकाचा कपलर गायब. सीलबंद खोक्यातली नवी इंजिनं मला आवडत नाहीत, ती कपाटातच म्हातारी होतात. कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिल्यापासून मला पळणारं इंजिन हवं असतं, पोचे पडलेलं का असेना.

शिवाय हे घराणं आपलं. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिनांची पहिली तुकडी 1962 साली अमेरिकेतून अल्को कंपनीनंच पाठवली. 1964 पासून ती वाराणसीत बनू लागली. 1969 मध्ये अल्को बंद पडली, वाराणसीचं काम चालूच राहिलं. आपल्या दोन रुळांमधलं अंतर 1,676 मिलिमीटर. त्याला 87 नं भागलं तर सव्वाएकोणीसच्या आसपास येतात, पण मॉडेलच्या रुळांमधलं अंतर साडेसोळाच. त्यामुळे आपलं इंजिन टेबलावर अंग चोरून उभं राहतं.

वाणगावला उतरून रिक्षानं घरी आणलं. धावलं, पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक्.

चिंचणीत असला आवाज घेऊन डायवाल्याकडे जायचं. आमच्या या पट्ट्यात घरोघरी दागिन्यांचे डाय बनतात. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी उलटी खोदायची, जिथे फुगवटा हवा तिथे खड्डा. मग पोलादाला पाणी द्यायचं. सोनार त्यावर पत्रा ठेवून ठोकतो आणि मोराची मान वर येते. दागिना मिरवला जातो, डाय मात्र काळाकुट्ट, कपाटाच्या तळाशी. ओटीवर बसलेल्या काकांच्या बोटांत छिन्नी असते, आणि गप्पा मारतानाही तिचं टोक केसभर हलत नाही.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं, इंजिन उलटं केलं. आसावरच्या प्लास्टिकच्या दातेरी चाकाला बारीक चीर होती. "हे बदला, दुसरं काही नाही." मी निघणार, तर ते इंजिन सोडेनात. बॉनेटवरच्या रिव्हेटांच्या रांगेवरून नखाचं टोक फिरवत राहिले.

"साचा कोणी केला हो याचा?"

"कारखान्यात झाला असेल, काका."

"कारखान्यातही कुणीतरी बसलेलं असतंच की. ही शेवटची तीन टिकल्यांची ओळ बघा, जरा खाली घसरलीय. दमला असणार बिचारा."

मी कितीदा ते इंजिन हातात घेतलं होतं, ती ओळ मला दिसली नव्हती. कोणत्या देशात, कोणत्या खिडकीशी तो बसला होता कुणास ठाऊक. काकांनी मात्र त्याला आपल्यातलाच धरला आणि पैसे घ्यायला नकार दिला.

जुनं इंजिन घ्यायला जाल तेव्हा खिशात 9 व्होल्टची बॅटरी ठेवा. तिची दोन टोकं दोन्ही बाजूंच्या चाकांना लावा आणि दुकानातला रेडिओ बंद करायला सांगा. टक् ऐकू आलं तर भाव पाडा. बॅटरी लावूच न देणाऱ्याकडून मात्र फुकटातही घेऊ नका.