सिंहाच्या देशात सरड्यांच्या मागे

आफ्रिकेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला : "सिंह पाहिलात का?" पाहिला म्हणावे, तर लगेच दुसरा : "किती लांबून?" गेले वर्षभर मी या दोन प्रश्नांची उत्तरे देत आलो आहे. सिंह मी पाहिला. एकदा तर तो आमच्या मोटारीच्या सावलीतच येऊन निजला होता. पण खरे सांगायचे तर सिंह ओळखायला काही विद्वत्ता लागत नाही. हत्ती, जिराफ, पाणघोडा यांचेही तेच. बालवाडीतले पोरसुद्धा त्यांना ओळखते. मला केनियात छंद जडला तो या बड्या मंडळींच्या पायाशी, दगडाआड, कुंपणावर आणि भिंतीवर वावरणाऱ्या प्राण्यांचा. शास्त्रज्ञ त्यांना सरीसृप म्हणतात, घरोघरच्या बायका त्यांना पाहून "ई!" म्हणतात.

हा छंद लावला माझ्या भाच्याने. माझी थोरली बहीण नैरोबीला असते. भाऊजींची नोकरी तिथली. गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत सौ.ला घेऊन मी ताईकडे गेलो. भाचेबुवांचे वय अकरा. विमानतळावरून घरी पोहोचतो न पोहोचतो तोच त्याने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या मांडीवर आणून ठेवले. पूर्व आफ्रिकेतल्या पाच देशांमधल्या सरीसृपांची ती ओळखपुस्तिका. स्टीफन स्पॉल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली, २०१८ सालची सुधारलेली आवृत्ती. तिच्यात ४९२ जाती दिल्या आहेत. "मामा, यातल्या तू किती ओळखशील?" अशी त्याने परीक्षाच मांडली. वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसावर अशी पाळी येणे योग्यच होते.

गंमत अशी, की मराठीच्या प्राध्यापकाला या परीक्षेत अगदीच शून्य मिळत नाही. आपल्या आजी-पणजींनी निम्मे काम आधीच करून ठेवले आहे. पाल वेगळी, सरडा वेगळा, सापसुरळी वेगळी, घोरपड वेगळी. चार शब्द म्हणजे चार कुळे. आमचा केनियन चालक पहिल्या तिघांनाही सर्रास 'म्जुसी' म्हणे. आपण मात्र शंकेची पाल चुकचुकवतो, सरड्याची धाव कुंपणापर्यंत नेतो आणि गडाच्या कड्यावर घोरपड चढवतो. आपल्या भाषेत कुणाची जागा कोण घेत नाही.

शास्त्राच्या खुणाही याच शब्दांच्या मागोमाग चालतात. पालीच्या डोळ्याला पापणी नसते, म्हणून ती जिभेनेच डोळा पुसते. भिंतीवर चढणाऱ्या पालीच्या बोटांखाली चिकट गाद्या असतात. सरड्याचे अंग खरखरीत, डोके जाड, आणि तो डोळे मिटू शकतो. सापसुरळीचे खवले गुळगुळीत, तेल लावल्यासारखे चमकणारे. घोरपडीची मान लांब आणि जीभ सापासारखी दुभंगलेली. एवढे ध्यानात ठेवले, की आफ्रिकेत दिसलेल्या प्राण्याचे निदान आडनाव तरी कळते. नाव शोधायला मग पुस्तक आहेच.

पहिली भेट ताईच्या बागेतच झाली. पाऊस पडून गेला होता आणि कुंपणाच्या हिरव्या फांदीवर, नाकावर तीन शिंगे असलेला एक हिरवागार प्राणी डुलत डुलत चालला होता. एक पाऊल उचलायचे, हवेतच थोडे मागेपुढे करायचे, मग ठेवायचे. एक डोळा पुढे, तर दुसरा माझ्यावर. बोटे चिमट्यासारखी दोन जुड्यांत विभागलेली, शेपटीची गुंडाळी. हा जॅक्सनचा शॅमेलिऑन. आपल्या घोयऱ्या सरड्याचा भाऊबंद. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत; भारतात मात्र घोयरा एकटाच. तीन शिंगे नराची. मादीला बहुधा ती नसतात किंवा अगदी लहान असतात. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे आणि तिथला गारवा या प्राण्याला मानवतो. थंडीत अंडी उबवायची पंचाईत, म्हणून की काय, याची मादी अंडी न घालता थेट पिलांनाच जन्म देते.

ताईचा माळी मात्र कात्री खाली टाकून चार हात दूर उभा राहिला. तो कांबा जमातीचा. भाऊजींनी विचारले तेव्हा त्याने जी कथा सांगितली, तिची भावंडे आफ्रिकेत दूरवर पसरली आहेत. देवाने माणसाकडे निरोप पाठवला, की तुम्ही मरणार नाही. निरोप नेला शॅमेलिऑनने. तो असा रमतगमत, अडखळत गेला की मागून एका पक्ष्याने येऊन मरणाचाच निरोप आधी पोहोचवला. दक्षिणेकडच्या झुलू लोकांत हीच कथा आहे. तिथे पक्ष्याच्या जागी चपळ सरडा आहे. म्हणजे माणसाच्या मरणाचे खापर या सावकाश चालणाऱ्या जिवावर! "तो चावत नाही, विषारीही नाही," असे भाच्याने त्याला परोपरीने सांगितले. माळी म्हणाला, "ठाऊक आहे. पण निरोप उशिरा दिला हे तर खरे ना?" यावर पुस्तकात उत्तर नव्हते.

आपणही या प्राण्याला न्याय दिलेला नाही. 'सरड्यासारखा रंग बदलणारा' ही शिवी आपण राजकारणातल्या माणसाला देतो. शॅमेलिऑन आसपासचे पाहून वेष बदलतो, असा आपला समज. प्रत्यक्षात तो रंग बदलतो तो बहुतेक वेळा राग, भय, प्रतिस्पर्धी, मादी, ऊन आणि थंडी यांच्यामुळे. कातडीतले अतिसूक्ष्म स्फटिक जवळ-दूर सरकतात आणि रंग पालटतो, हे जिनेव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले. म्हणजे तो मनातले लपवीत नाही, उलट अंगावर दाखवतो. राजकारणातल्या माणसाशी त्याची तुलना करणे कितपत योग्य, ते वाचकांनीच ठरवावे.

नैरोबीहून आम्ही रेल्वेने व्होईला गेलो. मोंबासा-नैरोबी ही नवी रेल्वे २०१७ साली सुरू झाली. तिच्या शेजारून धावणारी जुनी रेल्वे घालायला १८९६ साली सुरुवात झाली, ती हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांच्या हातांनी. १८९८ साली त्सावोच्या नरभक्षक सिंहांनी त्यांच्यातल्या कित्येकांना ओढून नेले. गाडी त्सावो ओलांडत होती तेव्हा भाऊजी काही वेळ बोललेच नाहीत. तो लोहमार्ग सुरू झाला त्याच १८९६ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बुलेंजर नावाच्या अभ्यासकाने बागेतल्या त्या तीन शिंगांच्या स्वारीला शास्त्रीय नाव दिले, आणि व्होईला आमची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या एका सरड्यालाही.

तो सरडा म्हणजे 'आगामा लायनोटस'. लॉजच्या दगडी ओट्यावर दुपारी बारा वाजता बसलेला. डोके शेंदरी, अंग निळे, आणि दंडबैठका काढाव्यात तसा वरखाली होणारा. आपल्या बागेतला सरडाही हेच करतो. हे शेजाऱ्याला दिलेले आव्हान असते. पश्चिम आफ्रिकेपासून इथपर्यंतच्या अशा सरड्यांना पूर्वी एकाच 'आगामा आगामा' या नावाखाली घालीत. पुढे अभ्यासकांनी ते कुटुंब विभक्त केले, म्हणून जुने पुस्तक हाती धरले तर नाव जुळत नाही.

भाच्याने वहीत लिहिले : 'शेंदरी डोके, निळे अंग – १. तपकिरी, ठिपकेवाला – २.' लॉजचा वाटाड्या हसला. म्हणाला, "दोन नव्हेत, एकच. ती त्याची बायको." मादी आणि पिले तपकिरी असतात. एवढेच काय, पहाटे गारठलेला किंवा घाबरलेला नरही फिका पडतो. दुपारचा राजा सकाळी ओळखू येत नाही. सरडे ओळखताना रंग हा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लबाड साक्षीदार. आधी डोके, खवले, बोटे, शेपटी यांची साक्ष काढावी. रंगाला शेवटी बोलवावे.

त्याच रात्री या विद्येची खरी किंमत कळली. जेवण आटोपून आम्ही खोल्यांकडे परतत होतो. कंदील घेतलेला रखवालदार पुढे, मागे भाचा, त्याच्या मागे मी. एकाएकी रखवालदाराने हात आडवा केला आणि पोराला छातीशी थोपवले. वाटेवर वाळक्या पानांत एक जाडसर, आखूड फांदी पडली होती. भाच्याचे पाऊल तिच्यापासून दोन हातांवर. फांदीवर बाणाच्या टोकांसारखी नक्षी होती. "मामा," तो अगदी हळू म्हणाला, "पफ ॲडर."

आपल्या घोणसाच्याच कुळातला हा साप. तसाच जाड, तसाच मोठ्याने फुत्कारणारा, आणि अतिशय विषारी. तो माणसाच्या मागे लागत नाही. त्याचा सारा भरवसा निश्चल पडून राहण्यावर. म्हणूनच लोकांचे पाय त्याच्यावर पडतात, आणि आफ्रिकेतल्या गंभीर सर्पदंशांत त्याचा वाटा फार मोठा आहे. मागून आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने दगड उचलला. रखवालदाराने त्याला शांतपणे दगड खाली ठेवायला लावला, माणूस बोलावला, आणि लांब आकड्याच्या काठीने साप झाकणाच्या पिंपात घालून दूर रानात नेऊन सोडला. ताई त्या रात्री पोराला कुशीत घेऊन निजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारे लॉज धास्तावलेले होते. शेजारच्या खोलीत "साप! साप!" अशी ओरड झाली आणि कालचेच गृहस्थ काठी घेऊन धावले. दाराच्या फटीतून काहीतरी काळसर, चकचकीत, दोन पिवळसर पट्ट्यांचे सळसळत होते. काठी उगारली गेली तोच सौ. पुढे झाली. "अहो, त्यांना सांगा ना, पाय आहेत तिला! ही तर आपली सापाची मावशी!" मी इंग्रजीत सांगितले, काठी खाली आली. भाच्याने पुस्तक उघडले : पट्ट्यांची सापसुरळी, 'ट्रॅकिलेपिस स्ट्रायाटा', बिनविषारी, किडे खाणारी, घराच्या भिंतींवर नित्य दिसणारी. चौदा-पंधरा तासांत त्या एका आवारात दोन जीव वाचले होते, एक भाच्याचा आणि एक त्या मावशीचा. दोन्ही वाचले ते कुणीतरी नीट पाहिले म्हणून.

शेवटचे चार दिवस मसाई माराचे. मारा नदीच्या काठावर मगरी ओंडक्यांसारख्या पसरल्या होत्या. त्यांच्यातूनच एक लहानसर ओंडका उठून तुरुतुरु चालू लागला. भाचा म्हणाला, "मगरीचे पिलू." चालक म्हणाला, "केंगे." केंगे म्हणजे घोरपड. ही नाईल घोरपड, आफ्रिकेतला सर्वांत लांब सरडा. दोन मीटरच्याही पुढे जाणारी. आपल्या घोरपडीसारखी मातकट नसते. काळपट अंगावर पिवळ्या ठिपक्यांच्या ओळी, आणि पोहण्यासाठी चपटी शेपटी. हिची मादी वारुळ उकरून त्यात अंडी घालते आणि वाळवी बिचारी वारुळ पुन्हा लिंपून घेते. आयती सुईण! पाण्यापासून दूर, कोरड्या माळावर घोरपड दिसली आणि तिचे नाक फुगीर, रंग धुळकट असेल, तर ती पांढऱ्या गळ्याची दुसरी जात.

चालकाने त्यावर एक स्वाहिली म्हण ऐकवली : मगरींच्या मिरवणुकीत घोरपडीही असतात. मोठ्यांच्या घोळक्यात मिरवणाऱ्यांना ती लावतात. मला तर महाविद्यालयातली कित्येक संमेलने आठवली! आणखी एक मौज म्हणजे, स्वाहिलीत मगरीला 'मांबा' म्हणतात. तेव्हा पूर्व आफ्रिकेत कुणी "मांबा!" म्हणून ओरडले, तर झाडावरच्या विषारी सापाकडे पाहायचे की पाण्याकडे, हे आधी विचारून घ्यावे. शॅमेलिऑनच्या 'किन्योंगा' या स्वाहिली नावाचा तर २००६ साली शास्त्रज्ञांनीच मान केला. त्यांच्या एका वेगळ्या केलेल्या प्रजातीला त्यांनी 'किन्योंगिया' म्हटले.

माळावरच्या मोठ्या खडकांवर अखेर तो भेटला : 'आगामा म्वांझे'. डोके, मान, खांदे गुलाबी-तांबडे आणि पुढे सारे निळे. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या म्वांझा गावावरून आर्थर लव्हरिज यांनी १९२३ साली हे नाव दिले. हल्लीची मुले त्याला 'स्पायडरमॅन' म्हणतात. सात मोटारी थांबल्या, साऱ्यांचे कॅमेरे त्याच्यावर. भाच्याने मात्र आधी खडकाच्या सावलीतली तपकिरी मादी टिपली. मग नर : एकदा बाजूने, एकदा पाठीवरून, एकदा डोके जवळून. शेजारी जागा, वेळ, खडक की झाड, आणि अंदाजे लांबी. जाणकाराला नुसत्या सुंदर चित्रापेक्षा या चार ओळींचा उपयोग अधिक, हे त्याला नैरोबीच्या संग्रहालयाशेजारच्या, १९६१ साली सुरू झालेल्या सर्पोद्यानातल्या एका सेवकाने शिकवले होते.

मराठीत 'ओळखणे' आणि 'ओळख असणे' ही एकाच धातूची लेकरे आहेत. ज्याची ओळख पटली त्याच्यावर सहसा हात उचलवत नाही, आणि ज्याच्यापासून जपायला हवे त्याच्यापासून जपताही येते. आपल्या अंगणातल्या सरड्याला, माळ्यावरच्या पालीला आणि कुंडीमागच्या सापसुरळीला हे जितके लागू, तितकेच त्सावोच्या पफ ॲडरला.

निघताना भाच्याच्या वहीत सतरा नावे झाली होती. अठराव्या पानावर एका लहानशा, राखी, दगडासारख्या सरड्याचे चित्र आणि पुढे भले मोठे प्रश्नचिन्ह. मी म्हटले, "अरे, पुस्तकात बघून जवळचे एखादे नाव लिही." तो म्हणाला, "तसे नाही चालत मामा. शेपटी नीट दिसली नव्हती." परवा त्याचा फोन आला. प्रश्नचिन्ह अजून आहे. येत्या सुटीत तो त्याच खडकाकडे जाणार आहे.