आजोळच्या ओट्यावर

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन: एक बाजाराचे, एक रेल्वेचे. माझे आजोळ या दुसऱ्या चांदुराला. दिवाळीला तिकडे निघालो, तर डब्यात पॅलेस्टाइनवरून जुंपलेली! 1967 पासून लष्करी अंमलाखाली असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरची एक बातमी खरी की खोटी, यावर दोन गृहस्थ अकोल्यापासून बडनेऱ्यापर्यंत भांडत होते. मीही मत ठोकून दिले.

संध्याकाळी ओट्यावर हा किस्सा मी रंगवून सांगितला. नव्वदीच्या मामी हसल्या नाहीत. त्यांचे माहेर चिमूर.

“बेचाळीसच्या नागपंचमीले गोळीबार झाला, बापू. तीन दिवसांनी गोरे सोल्जर आले. मानसं पकडून नेली, घरी उरल्या बाया न् लेकरं. दार वाजलं का माय माह्या तोंडावर हात ठेवे.”

बायकांवरील अत्याचारांच्या तक्रारी डॉ. मुंज्यांनी ऐकल्या, सरकारने चौकशी नाकारली. सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी त्यासाठी उपोषण मांडले, तर त्या बातमीवरच बंदी! 6 जानेवारी 1943 रोजी अनेक वृत्तपत्रे निषेधार्थ बंद राहिली. 63 दिवसांनी उपोषण सुटले, बंदी उठली; चौकशी मात्र झाली नाही.

“तवाही लोक भांडतच असतीन, खरं का खोटं,” मामी म्हणाल्या. “माह्या मायले कोनी इचारलं नाही.”

परतीच्या गाडीत पुन्हा तोच विषय निघाला. माझे मत विचारले गेले. मी खिडकीबाहेरची कपाशी पाहत राहिलो.